तिवदारांची ओळ

मी बोलतेय. होय, मीच, ब्रादेत गावचं जुनं लाकडी चर्च. आमच्या डोंगरात चर्चला बाईमाणूस समजतात, म्हणून मीही स्वतःला बाईच समजते. आणि तीनशे वर्षं एका पायावर उभी असलेली बाई म्हटल्यावर थोडी कटकट ऐकायची तयारी ठेवा. येत्या सोमवारी माझ्या छपरावर शहरातले कारागीर चढणार आहेत. त्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे. पण ती नुसती सांगून कळायची नाही, म्हणून आधी जरा मागचं ऐकून घ्या.

माझा जन्म ऐन हिवाळ्यातला. माझ्याआधीचं चर्च तातार लुटारूंनी जाळलं होतं. राखेत फक्त घंटा सापडली, तीही तडकलेली. मग लोकांनी वरच्या रानातले ओक तोडले, बैल जुंपून बर्फावरून खाली ओढले, आणि सुतारांनी कुऱ्हाडीनं तासून, खाचेत खाच अडकवून मला उभं केलं. माझ्या भिंतींत लोखंडाचा एक खिळा नाही, शोधून दाखवा. मुख्य सुताराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण त्याची कंबर धरलेली असायची आणि तो प्रत्येक तुळईला शिव्या घालायचा, एवढं मला पक्कं आठवतं.

पाद्रीबाबांनी त्याला दटावलं, "अरे, देवाचं घर बांधतोयस, तोंड आवर."

तर म्हणाला, "बाबा, तुम्ही प्रार्थना म्हणा, मी तुळया उचलतो. बघू कुणाला आधी घाम फुटतो."

पुढे एका फिरत्या चित्रकारानं मला आतून रंगवलं. पुढच्या भिंतींवर संत आणि मागे दाराशी नरक. नरकात मापात मारणारा गिरणीवाला, दारूत पाणी घालणारा दुकानदार आणि रविवारी प्रार्थनेला न येता झोपून राहिलेली एक बाई. त्या बाईचं तोंड म्हणे कुणाच्या तरी सासूसारखं झालं होतं. दोन घरांत त्यावरून वर्षभर अबोला होता. पुरुषांची जागा पुढे, बायकांची मागे, म्हणजे नेमकी त्या नरकापाशी. त्यामुळे मागच्या बाजूला प्रवचन कमी आणि कुजबुज जास्त. गावची अर्धी लग्नं तिथेच ठरली, प्रार्थना चालू असताना, डोळे मिटलेले ठेवून. मला सगळं ऐकू यायचं. आताशा कुणी कुजबुजत नाही, त्याची फार आठवण येते.

पण माझी खरी गोष्ट छपराची आहे.

ब्रादेतमध्ये तेव्हा बेचाळीस घरं होती आणि माझं छप्परही बेचाळीस ओळींचं. आढ्यापासून वळचणीपर्यंत एक पट्टा म्हणजे एक घर. ज्या घराची ओळ, त्या घरच्या पुरुषानंच तिची कौलं फोडायची, वाळवायची आणि चढवायची. लाकडी कौलं, फर नावाच्या सुईसारख्या पानांच्या झाडाची, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. झाड थंडीत तोडायचं, त्यात रस नसताना. आणि करवत लावायची नाही, लाकडाच्या रेषेरेषेनं फोडायचं. फोडलेल्या कौलावरून पाणी निथळून जातं, कापलेलं कौल पाणी पितं. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुणाची ओळ नीट, कुणाची वाकडी, यावरून मुली द्यायच्या की नाही ते ठरायचं. "छपरावर ज्याला सरळ जाता येत नाही, तो संसारात काय सरळ जाणार?" असं म्हाताऱ्या म्हणायच्या.

आणि एक नियम होता. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही. दुसऱ्यानं तुमच्या ओळीत एक कौल जरी ठोकलं, तरी त्याचा अर्थ एकच: या घरात आता चढायला कुणी उरलं नाही, हे घर संपलं. मग पुढच्या रविवारी पाद्रीबाबा त्या घरची सगळी नावं मेलेल्यांच्या यादीत वाचायचे. पटकी आली त्या वर्षी अशा तीन ओळी शेजाऱ्यांकडे गेल्या. शेजारी रडत होते आणि ठोकत होते.

तिवदारांची ओळ पूर्वेच्या टोकाला, थेट वेदीच्या वर. वेदीपाशी आत फक्त पाद्री जातो; बाईमाणसानं तिथे पाऊल टाकायचं नाही, असा आमचा रिवाज. गाव्रिला तिवदार त्या घरचा एकुलता. उंचापुरा, कामाला वाघ, पण बोलायला इतका हळू की त्याचं वाक्य संपेपर्यंत दूध उतू जायचं. त्याची बायको अक्सेनिया त्याच्या उलट, तोंडाचा पट्टा सतत चालू. मला दोघंही आवडायची. माझ्याच आत त्यांच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट ठेवले होते, आणि गाव्रिलाचा मुकुट सारखा कानावर घसरत होता.

एकोणीसशे बेचाळीस साली वसंतात गाव्रिलाला युद्धावर बोलावणं आलं. त्याच हिवाळ्यात त्यानं एक फर तोडून ओळीपुरती कौलं फोडली होती आणि गोठ्याच्या माळ्यावर वाळत रचली होती, कारण तिवदारांच्या ओळीला सत्तर वर्षं होऊन गेली होती, तिचे दिवस भरले होते. निघायच्या दिवशी तो माझ्या अंगणात उभा राहिला, वर बघितलं आणि अक्सेनियाला म्हणाला, "कुणाला हात लावू देऊ नकोस. ऑक्टोबरपर्यंत येतोच. आलो की चढवतो."

एवढं लांब बोलणं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबर आला, गाव्रिला आला नाही. युद्ध संपलं, तेव्हा काही जण परत आले, कुणी पाय गमावून, कुणी बोलणं गमावून. गाव्रिलाचा ना जिवंत असल्याचा कागद, ना मेल्याचा. पलीकडच्या खोऱ्यातला एक जण सांगून गेला की दूर रशियात कैद्यांच्या छावणीत त्यानं गाव्रिलाला पाहिलं, दोघांनी एक भाकरी वाटून खाल्ली. त्या अर्ध्या भाकरीवर अक्सेनियानं पुढची कित्येक वर्षं काढली. मुलगी एकच, विरोनिका. ती लग्न होऊन गेली तशी सासरच्या ओळीत गेली.

आणि मी गळायला लागले. आधी एक थेंब, मग धार. अक्सेनियानं घरची बादली आणली, पण बादली तिची असली तरी आत जायचं पाद्रीबाबांनी. आर्तेमिएबाबा तेव्हा साठीचे. पाऊस लागला की ही बाजूच्या दाराशी उभी आणि बाबा आतून भरलेली बादली आणून तिच्या हातात देणार.

"पोरी, माझे हात आता प्रार्थनेचा पेला उचलायला राहिलेत, बादल्या उचलायला नाही," बाबा कुरकुरायचे.

"बाबा, नोहाच्या नौकेवर चाळीस दिवस पाऊस होता. तुम्हाला आज सकाळपासूनच आहे," ही म्हणायची.

हसण्यावारी किती दिवस नेणार? माझ्या पूर्वेकडच्या तुळईचं टोक मऊ पडलं. मला कळत होतं, ओकला बुरशी लागली की आतून गुदगुल्या होतात आणि मग काहीच वाटेनासं होतं. ते काहीच न वाटणं वाईट. मग एका रविवारी पवित्र द्राक्षरसाचा पेला हातात असताना आर्तेमिएबाबा ओल्या फळीवरून घसरले. पेला वाचला, कोपर टम्म सुजलं. गावाच्या काळजात चर्र झालं. पेला सांडला असता तर गावावर काय संकट कोसळलं असतं, याच्या गप्पा महिनाभर पुरल्या.

त्याच उन्हाळ्यात अक्सेनिया वरच्या कुरणात गवत कापायला गेलेली असताना शेजारच्या ओळीचा इलिएश माझ्यावर चढला. इलिएश म्हणजे गाव्रिलाचा लहानपणापासूनचा दोस्त, विधुर, मनानं लोण्याचा. वाईट हेतू काडीचा नाही. वेदीवर जिथे धार लागायची, तिथे त्यानं स्वतःची बारा कौलं ठोकली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! खोटं कशाला बोलू?

अक्सेनिया गवताचा भारा घेऊन वळणावर आली आणि काळ्या छपरावरचं ते पिवळं ठिगळ तिला लांबून दिसलं. भारा तिथेच टाकून ती धावत आली.

"भावजी! खाली या! काय केलंत हे?"

"वहिनी, बारा कौलं लावली फक्त. वेदीवर पाणी—"

"बारा कौलं लावून माझ्या नवऱ्याला पुरलंत! मातीसुद्धा न टाकता पुरलंत!"

"अगं वहिनी, गाव्रिला माझा—"

"तुमचा कोण होता ते मला सांगू नका. होता नाही, आहे! काढा ती आधी."

इलिएशनं एकेक करून बाराही कौलं काढली. त्या रात्री पाऊस पडला नाही, एवढीच देवाची कृपा.

रविवारी प्रार्थना संपली, पण कुणी घरी गेलं नाही. माझ्या अंगणातल्या आलुबुखाऱ्यांच्या झाडांखाली सगळं गाव जमलं. दोकिया नावाची एक म्हातारी होती, जिभेला हाड नसलेली. तिनंच सुरुवात केली.

"आठ वर्षं झाली, बये. आमचं चर्च कुजवल्यावर तुझा नवरा येणार आहे का?"

"तुमचा आला, मावशी, म्हणून तुम्हाला बोलायला सुचतंय."

"आला तो काय कामाचा आला? दिवसभर आलुबुखाऱ्याची ढोसतो आणि माझ्या नावानं गातो."

सगळे हसले, दोकियाचा नवरासुद्धा. पण आर्तेमिएबाबा हसले नाहीत. कोपराला फडकं बांधलेला हात पोटाशी धरून म्हणाले, "अक्सेनिया, पोरी, देवाच्या डोक्यावर पाणी गळतंय."

"देवाला ठाऊक आहे बाबा, का गळतंय ते."

"देवाला ठाऊक आहे गं. पण चर्च लाकडाचं आहे, त्याला ठाऊक नाही."

मला सगळं ठाऊक होतं! पण मला विचारतो कोण? खरं सांगते, त्या दिवशी माझा जीव दोन्हीकडे ओढत होता. मला कोरडं व्हायचं होतं, आणि तिचं घर माझ्या अंगावर संपायला नको होतं.

गावचा गिरणीवाला पुढे सरसावला. "नियम नियम करतेस ना? तिवदारांच्या माणसानं चढायचं, हा नियम. मग आण माणूस. नाहीतर तूच चढ!"

पुन्हा हशा पिकला. छपरावर बाई, तीही वेदीच्या डोक्यावर! अक्सेनिया मात्र हसली नाही, रडली नाही. ती आर्तेमिएबाबांकडे वळली.

"बाबा, मी मेले की मला कुठे पुराल?"

"हे काय विचारणं झालं? तिवदारांच्या जागेत, सासऱ्याच्या शेजारी."

"म्हणजे मेल्यावर मी तिवदारांची. मग जिवंतपणी कुणाची?"

बाबांनी डोक्यावरची टोपी दोनदा काढली आणि दोनदा परत घातली. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी मी आत वेदीपाशी बसून पुस्तक वाचणार आहे. मला हल्ली ऐकू कमी येतं. वर काही वाजलं तर मी समजेन सुतारपक्षी आहे."

सकाळी शिडी लावलेली होती. कुणी लावली ते विचारलं तेव्हा इलिएश आभाळाकडे बघत होता. अक्सेनियानं गोठ्याच्या माळ्यावरची कौलं पाठीवरच्या टोपलीतून आणली, झग्याचा घोळ कमरेला खोवला आणि चढली. माझ्या जन्मापासून माझ्यावर चढलेली ती पहिली बाई. पाय पुरुषांहून हलके, पण घाबरलेले. आधी तिनं जुनी सडकी कौलं उपटून खाली फेकली. मग नवी लावायला सुरुवात केली ती नेमकी आढ्यापासून, वरून खाली.

इलिएश खाली उभा होता, माझ्याकडे पाठ करून. छपरावरच्या बाईकडे खालून बघायचं नाही, एवढी रीत त्याला कळत होती. तेवढ्यात त्यानं चोरून एकदा वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पुन्हा पाठ फिरवून समोरच्या झाडाला तो मोठ्यानं सांगू लागला, "झाडा, ऐक रे! काही येडे लोक वरून सुरुवात करतात. मग पाणी कौलाच्या खालून शिरतं. वळचणीपासून वर जावं माणसानं!"

वर हातोडा थांबला. मग अक्सेनिया मुकाट्यानं लावलेली सात कौलं काढून वळचणीशी उतरली.

"आणि झाडा, जोडावर जोड येऊ देऊ नये. विटा रचतात तसं!"

"झाडाला म्हणावं, कळलं," वरून आवाज आला. "आणि झाडाला म्हणावं, जरा हळू ओरड, बाबा वाचतायत."

आतून आर्तेमिएबाबांचा खोकला ऐकू आला. पुस्तकाचं एकही पान उलटलेलं नव्हतं, मी साक्षीला आहे.

चार दिवस ती चढत होती. पहिल्या दिवशी लोक गंमत बघायला आले. दुसऱ्या दिवशी दोकियानं मक्याच्या कण्यांच्या गरम घाट्याचं, वर चीज घातलेलं मडकं आणून शिडीपाशी ठेवलं आणि "मांजराला आणलं होतं" म्हणून निघून गेली. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं लाकडी खुंट्यांची पिशवी पाठवली. तिची ओळ सरळ नव्हती. मध्येच डावीकडे पोट सुटल्यासारखी झाली होती. पण गाव्रिलानं फोडलेली कौलं काय होती! आठ वर्षं वाळलेली, घंटेसारखी वाजणारी. त्याच्या हाताची करामत होती ती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आढ्यापाशी पोहोचली. एकच कौल उरलं आणि एकच जागा. तिनं कौल जागेवर ठेवून पाहिलं, अगदी चपखल बसलं. मग ते उचलून ओच्यात घेतलं आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

"वहिनी, झालं का?" इलिएश झाडाकडे बघत ओरडला.

"झालं."

"शेवटचं ठोकल्याचा आवाज आला नाही."

"ते त्याचं आहे. आला की तो ठोकेल."

कौल घेऊन ती खाली उतरली. बाबांनी बाहेर येऊन वर बघितलं. हाताएवढी फट दिसत होती, आणि त्यातून आतला अंधार. बाबा म्हणाले, "सुतारपक्ष्यानं चांगलं काम केलंय." आणि दुसरा विषय काढला.

त्यानंतर धार थांबली. जोराच्या पावसात आढ्याकडून चार थेंब यायचे, तेवढेच. माझी तुळई हळूहळू सुकली, आणि त्या चार थेंबांची मला सवय झाली.

काही वर्षांनी इलिएशनं एकदा अंगणातच तिला विचारलं होतं. मी ऐकलं. "वहिनी, दोन घरांत दोन चुली कशाला जाळायच्या?" त्याचे कान लाल झाले होते. अक्सेनियानं वर आपल्या ओळीकडे बघितलं. मग म्हणाली, "भावजी, तुमची ओळ माझ्या शेजारीच आहे ना? पुरे झालं की." तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. पण ती जाईपर्यंत तिच्या घरची लाकडं त्यानंच फोडली.

सत्त्याऐंशी साली अक्सेनिया गेली. तिच्या सांगण्यावरून ते शेवटचं कौल शवपेटीत तिच्या उशाला ठेवलं, इलिएशनं स्वतःच्या हातानं. तेव्हाचे नवे पाद्रीबाबा म्हणाले, आता ती फट बुजवू या. पंचाहत्तरीला टेकलेला इलिएश काठी आपटत म्हणाला, "मी आहे तोवर नाही." तो गेला, तरी कुणी बुजवली नाही. आधी भीड म्हणून, मग कुणाला आठवतच नव्हतं म्हणून. गाव्रिला तिवदारचं नाव मेलेल्यांच्या यादीत आजपर्यंत एकदाही वाचलं गेलेलं नाही.

आता गावात सिमेंटचं मोठं चर्च झालंय. त्याचा पत्र्याचा घुमट उन्हात असा चमकतो की कोंबड्या बिथरतात. माझ्याकडे वर्षातून दोनदा प्रार्थना होते. बाकीचे दिवस कुलूप. अर्धी घरं स्पेनला आणि इटलीला गेलीत, ओळी शेवाळल्यात. गावानं शहरातून कारागीर बोलावले, ते बरंच झालं. कृतघ्न नाही मी. मागच्या आठवड्यात एक बाई शिडी लावून वर गेली, फोटो काढले, सगळं तपासलं. हल्ली बायका चढतात आणि कुणी पाठ फिरवून उभं राहत नाही. चांगली हुशार मुलगी. आढ्याजवळच्या फटीत हात घालून खाली ओरडली, "इथे एक कौल राहिलंय! लावायला विसरले असतील." आणि तिथे खडूनं फुली मारली.

विसरले! काय बोलावं या पोरीला!

तर कारागिरांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. सोमवारी या, पोटभर न्याहारी करून या, शिडी घट्ट बांधा. बेचाळीसच्या बेचाळीस ओळी काढा. तुमची कौलं यंत्रावर कापलेली आहेत, ती पाणी पितील, तरी मी तक्रार करणार नाही. अक्सेनियाची वाकडी ओळ सरळ करा हवी तर, ती स्वतःच तिला नावं ठेवायची. फक्त त्या फुलीवर कौल ठोकू नका. लोक म्हणतील, कारागिरानं हलगर्जी केली. म्हणू देत.

गाव्रिला आज असता तर एकशेबारा वर्षांचा असता. तो येणार नाही, हे मला कळतं. मी लाकडाची आहे, खुळी नाही. आणि अक्सेनियालाही कळत होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आढ्यावर बसली होती ना, तेव्हाच तिला कळलं होतं. खाली कुणाला ऐकू गेलं नाही, पण ती माझ्या अंगाला तोंड दाबून रडली, आणि तो मेलाय असं एकदा, हळूच, स्वतःच्या तोंडानं म्हणाली. मग डोळे पुसले, कौल ओच्यात घेतलं आणि खाली जाऊन सगळ्या गावाला सांगितलं की तो येणार आहे.